हातचा एक

रेंज शाळेत नाही. रेंज आहे
शाळेमागच्या टेकाडावर, तिसऱ्या कोरफडीपाशी,
तीही वारा पडला तर, असं गावात म्हणतात.
वाऱ्याचा काय संबंध, पण आता मीही
वारा पडायची वाट बघते.

जून सरत आलाय. कड्याच्या सावलीत बर्फ घट्ट बसलाय.
ब्लँकेट डोक्यावरून घेऊन मी फोन उघडते
आणि दोनशे चौदा मास्तर-मास्तरणी
एकदम बोलायला लागतात.

कुणाला सातवीची प्रश्नपत्रिका हवी, आजच्या आज.
कुणी गुलाबाच्या फुलावर बायबलचं वचन धाडलंय,
कुणी विकायला काढलेले बूट, नंबर सहा, एकदाच घातलेले.
क्वुटिंगच्या एका बाईंनी खोक्याच्या पुठ्ठ्यातून
अपूर्णांकांची भाकरी कापलीय. फोटो हललाय,
पण अर्धा म्हणजे अर्धा, बघताक्षणी कळतो.
पगार झाला नाही, असं रोज एकजण लिहितो,
खाली अंगठ्यांची रांग लागते.
(सरकारने दाखवलेला अंगठा वेगळा.)

गेल्या आठवड्यात मी विचारलं होतं:
रात्रीच्या वर्गाला एक मेंढपाळ पोरगा येतो, सेखोबे, तेरा वर्षांचा.
अंधारात शंभर मेंढरं मोजतो, चुकत नाही.
पाटीवर सत्तावीस अधिक पंधरा मांडले
की हातचा विसरतो. बत्तीस म्हणतो.
काय करू?

अकरा उत्तरं आली. नऊ जण म्हणाले, सराव.
एकाने व्हिडिओ पाठवला, तो अजून उतरतोच आहे.
आणि रात्री उशिरा मोखोटलाँगच्या मोसिवा सरांचा आवाज,
वीस सेकंद, मागे कुत्रं भुंकतंय:
बाई, त्याला विचारा, दहा मेंढरं आत गेली
की तो हातात काय धरतो.

विचारलं.
सेखोबेने खिशातून खडा काढला,
हे काय विचारणं झालं, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.
दहाला एक. मुठीत.
हाच तो, मी म्हटलं, हातचा.
तो हसला नाही. पाटी ओढली.
बेचाळीस.

हे सरांना सांगायचं म्हणून आज त्याला घेऊन टेकाड चढले.
फोनकडे बघून म्हणाला, यात किती आहेत?
दोनशे चौदा.
बोटाने यादी खाली खाली ढकलत गेला, ओठ हलत होते,
दर दहाला एक खडा
उजव्या खिशातून डाव्यात.
वारा वाढला. मी दोनदा म्हटलं, पुरे.
दोनशे तेरा, तो म्हणाला. एक कमी आहे.

वर जाऊन नीट पाहिलं. बुटांच्या आणि वचनाच्या मधे
राखाडी बारीक अक्षरांत, कुणी थांबून वाचत नाही अशी ओळ:
मोसिवा सर ग्रुपमधून बाहेर पडले.
परवा. संध्याकाळी सहा वीसला.
खाली कुणी काही लिहिलेलं नाही.
त्या वेळी मी इथेच होते,
पुठ्ठ्याची भाकरी सेव्ह करत.

मग शोधायला कोण गेलं? सेखोबेने विचारलं.

मी समजावू लागले की माणसं अशी जातात,
नोकरी सुटते, सीमेपलीकडे खाणीत जातात,
फोन विकतात, नेट संपतं, कुणी कुणाला
तो ऐकत नव्हता. खाली दरीकडे बघत होता,
मागे राहिलेलं मेंढरू जिथून वर येतं, तिकडे.

बोटांवर फुंकर घातली. नंबर काढला.
सर, मी हा-टेबेसीची न्थातिसी.
बेचाळीस आले.
तुम्ही कुठे आहात?

एक टिक. राखाडी.
अंधार पडेपर्यंत एकच.

उतरताना त्याने एक खडा माझ्या तळहातावर ठेवला,
थंडगार, आणि माझी बोटं स्वतःच मिटली.
धरा, म्हणाला.
हा अजून मिळवायचाय.